विहिरीवरचे जुने इंजिन भंगारात देण्याआधी

आपल्या सभासदांपैकी ज्यांची सिमरोलकडे शेती आहे किंवा पूर्वी होती, त्यांच्या विहिरीवरच्या खोलीत एखादे जुने ऑइल इंजिन हमखास सापडते. वर धूळ, आत गंज, टाकीत उंदरांचे घर. आयआयटीचा परिसर आला, खंडवा रोडवरची वस्ती वाढली, जमिनी विकल्या जाऊ लागल्या. खोली रिकामी करताना इंजिन सगळ्यात आधी भंगारवाल्याकडे जाते, कारण ते जड असते आणि वजनावर पैसे मिळतात.

आम्ही मंडळातले चार-पाच जण गेली काही वर्षे अशी इंजिने उघडून, साफ करून पुन्हा चालू करतो. त्यात काय करावे लागते, कुठे जपावे लागते आणि चालू झालेल्या इंजिनाचा उपयोग काय, हे बरेच जण विचारतात. म्हणून एकत्र लिहून काढत आहोत.

आपल्याकडे कोणती इंजिने आहेत

परदेशात राहणारी आपली मुले जुन्या बागेतल्या ट्रॅक्टरांचे फोटो पाठवतात. तिकडे तो मोठा छंद आहे. आपल्याकडे बागेचा ट्रॅक्टर असा कधी फारसा नव्हता. त्याची जागा दोन वस्तूंनी घेतली: पाण्याचे ऑइल इंजिन आणि काही ठिकाणी पॉवर टिलर. कोकणातल्या आणि दक्षिणेतल्या भातखाचरांत टिलर चांगला रुळला. माळव्याच्या चिकट काळ्या जमिनीत तो माणसाला दमवतो, त्यामुळे इकडे इंजिनेच जास्त.

त्यांचे ढोबळ दोन प्रकार. पहिला सावकाश चालणारा, दोन मोठ्या चाकांचा. याचे मूळ इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या लिस्टर कंपनीचे. सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला ६५० फेरे, साडेचार इंच बोअर आणि साडेपाच इंच स्ट्रोक. लिस्टरचे इंग्लंडमधले उत्पादन थांबले तरी राजकोटच्या कारखान्यांनी याच नमुन्याची इंजिने बनवणे चालू ठेवले. लांबून ऐकू येणारा तो संथ ‘टुक... टुक... टुक’ याचाच.

दुसरा प्रकार मिनिटाला १५०० फेऱ्यांचा, आकाराने आटोपशीर. यात आपल्या ओळखीचे म्हणजे किर्लोस्कर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथे लोखंडी नांगर केले. पुढे १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. त्यांचे एव्ही-१ हे पाच हॉर्सपॉवरचे इंजिन: बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर, एकच सिलिंडर, पाण्याने थंड होणारे. गंमत अशी की विहिरीवरून हे इंजिन निवृत्त झाले, तरी त्याच घराण्यातली एक-सिलिंडर इंजिने देशभरच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत अजून कामावर आहेत. करंज, जट्रोफा अशा तेलांपासून केलेल्या बायोडिझेलच्या कितीतरी चाचण्या त्यांच्यावर झाल्या आहेत.

विहिरीवरून ती गेली त्याला कारण पाणी. उघड्या विहिरीतले पाणी वर होते तोवर काठावरचे इंजिन पुरत होते. वीज आली, पाणी खाली गेले, बोअर झाले. बोअरच्या खोलीतून काठावरचा पंप पाणी ओढू शकत नाही; तिथे सबमर्सिबलच लागतो. म्हणजे इंजिन बिघडले म्हणून नाही, तर काम संपले म्हणून बाजूला पडले. त्यामुळेच आत उघडून पाहिले तर बरीचशी इंजिने धडधाकट निघतात.

पहिला नियम: हँडल मारू नका

जुने इंजिन दिसले की प्रत्येकाचा हात हँडलकडे जातो. आमचाही गेला होता. आत रिंगा लायनरला गंजून चिकटलेल्या असतील, तर जोर लावल्यावर रिंग तुटते किंवा लायनरवर ओरखडा पडतो, आणि पाचशेचे काम पाच हजारांवर जाते.

आधी चहूबाजूंनी फोटो काढा. पितळी पट्टीवरचा नंबर, हॉर्सपॉवर आणि फेरे लिहून घ्या. सुटे भाग मागताना सियागंजातला दुकानदार हेच विचारतो. मग नोझल काढून त्या भोकातून सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोडा आणि आठ दिवस विसरून जा. नंतर चाक हाताने किंचित पुढे, किंचित मागे असे हलवा. हलले तर रोज थोडे वाढवा. हलले नाही तर पुन्हा तेल, पुन्हा आठवडा. हँडलला पाइप लावून लांब करायचे नाही आणि पिस्टनवर हातोडा तर कधीच नाही.

उघडल्यावर काय पाहायचे

*तेल.* खालचे जुने तेल काढा. ते ताकासारखे पांढुरके असेल तर त्यात पाणी गेले आहे. हेडचे गॅस्केट किंवा लायनरखालचे रबर पाहावे लागेल. तळाचा गाळ हाताने खरवडून काढा आणि तेलाच्या वाटा तारेने मोकळ्या करा.

*पाण्याची जागा.* माळव्यातले विहिरीचे पाणी जड. वर्षानुवर्षे तेच इंजिनाभोवती फिरल्याने आत चुन्याचा थर बसतो, चहाच्या पातेल्यात बसतो तसा. थर जाड असेल तर इंजिन दहा मिनिटांत तापते. किराणा दुकानातले लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून रात्रभर भरून ठेवले आणि दोन-तीन वेळा बदलले की बराच थर सुटतो.

*डिझेलची वाट.* टाकी धुवा, फिल्टर नवा घाला. नोझल आणि डिझेलचा पंप मात्र घरी उघडू नका. त्यांची मापे इतकी नाजूक असतात की कापडाचा एक धागाही नडतो. ते पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच द्या.

*व्हॉल्व्ह.* पेस्ट लावून घासा. मग हेड उलटे ठेवून त्यात रॉकेल किंवा डिझेल ओता. अर्ध्या तासात थेंब गळला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसले.

*गव्हर्नर.* डिझेल कमी-जास्त करणारी दांडी बोटाने सहज सरकली पाहिजे. का, ते पुढे सांगतो.

रंग सगळ्यात शेवटी. पहिल्या इंजिनाला आम्ही हौसेने आधी रंग दिला. मग गळती शोधताना तो सगळा डिझेलने धुऊन गेला, आणि पुन्हा खरवडण्यात एक अख्खा महिना गेला.

चालू करताना

आधी हवा काढा. फिल्टरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्या, नंतर नोझलकडे जाणाऱ्या नळीचेही तसेच. चाक फिरवताना नोझलमधून ‘करर्र’ असा कोरडा आवाज आला की डिझेल पोचले. जुने कारागीर त्या आवाजावरूनच नोझलची पारख करतात.

मग डिकम्प्रेशनचा खटका उचला, हँडलने चाकाला चांगला वेग द्या आणि खटका सोडा. लिहायला एवढे सोपे आहे. पण याच पाच मिनिटांत माणसे जखमी होतात, म्हणून या चार गोष्टी कोणीही गाळू नये.

१. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीसारखा वळवू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात सुटला पाहिजे. आमच्यातल्या एकाचे मनगट अशाच झटक्याने सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते.

२. शाल, मफलर, ओढणी, साडीचा पदर, सैल बाही: चाक आणि पट्ट्याजवळ यातले काहीही नको. मुलांना बघायला आणा, पण दोरी बांधून त्या पलीकडे उभे करा.

३. गव्हर्नरची दांडी अडकली तर इंजिनाचा वेग वाढतच जातो. हँडल मारण्याआधीच लाकडी फळी हाताशी ठेवा आणि तशी वेळ आली तर हवा आत येण्याचे तोंड तिने बंद करा. हाताने कधीही नाही.

४. सुटा नोझल तपासताना फवाऱ्यासमोर बोट नेऊ नका. तिथला दाब सुमारे दोनशे वातावरणांइतका असतो. डिझेल कातडीतून आत शिरते. बाहेर टाचणीच्या टोकाएवढी खूण दिसते, आत मात्र पूर्ण बोट निकामी होऊ शकते. असे झाले तर दुखत नसले तरी त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा आणि डिझेल आत गेले आहे हे स्पष्ट सांगा.

चालू झाल्यावर धुराकडे बघा. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडते आहे. इंजिन गार आहे किंवा दाब कमी आहे. काळा म्हणजे भार जास्त, हवेची जाळी तुंबलेली किंवा नोझल खराब. निळसर म्हणजे इंजिन तेल जळते आहे, रिंगा संपल्या. पाच-दहा मिनिटांत धूर जवळजवळ दिसेनासा झाला की काम जमले. पहिले दहा तास हलक्या भारावर चालवा, मग तेल बदला. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड तडकते.

मग त्याचे करायचे काय?

चालू झालेले इंजिन शोकेसमध्ये ठेवण्याची वस्तू नाही. महिन्यातून एकदा अर्धा तास तरी भारावर चालले तरच ते टिकते. आमची इंजिने कुट्टी मशीन फिरवतात, तळ्यातले पाणी भाजीच्या वाफ्यांना देतात, आणि उन्हाळ्यात उसाचा चरखा चालवतात. चरख्यापाशी सगळ्यात जास्त गर्दी होते हे सांगायला नकोच.

पट्ट्यासाठी साधा हिशेब आहे: इंजिनाची पुली गुणिले इंजिनाचे फेरे बरोबर यंत्राची पुली गुणिले यंत्राचे फेरे. इंजिन १५०० फेऱ्यांचे आणि त्याची पुली ४ इंची. यंत्राला ५०० फेरे हवे असतील तर यंत्राची पुली १२ इंची घ्या. आमच्या मुलांना त्रैराशिक पुस्तकातून समजले नव्हते, इथे समजले.

विहिरीत इंजिन उतरवू नका

ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. खरे तर बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीला पाणी फार तर १०.३ मीटर चढवतो, इंदूरच्या उंचीवर त्याहून थोडे कमी. नळीतली गळती आणि घर्षण धरले तर प्रत्यक्षात सहा-सात मीटर. म्हणून पाणी खाली गेले की पूर्वी लोक विहिरीच्या आत टप्पा बांधून इंजिन त्यावर ठेवत. धूर विहिरीतच कोंडायचा. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. खाली गेलेला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. देशाच्या अनेक भागांत एकाच घरातली दोन-तीन माणसे अशी गेली आहेत.

म्हणून इंजिन नेहमी उघड्यावर आणि काठापासून दूर ठेवा. बंद खोलीत चालवायचे असेल तर धुराची नळी बाहेर काढा. कोणी विहिरीत पडलेच तर मागोमाग उतरू नका. वरून दोर टाका आणि मदत बोलवा.

आपल्याकडे इंजिन असेल तर

भंगारात द्यायचे की ठेवायचे, हा ज्याचा त्याचा निर्णय. सगळीच इंजिने वाचवता येणार नाहीत. ज्याचा क्रँक मोडला किंवा ब्लॉक फुटला, ते दुसऱ्यासाठी सुट्या भागांचे भांडार म्हणून उपयोगी पडते. आमचे एवढेच मागणे आहे की आधी एक दिवस थांबा.

नंबराच्या पट्टीचा फोटो काढा. टूल-बॉक्स आणि पुस्तिका शोधा. त्या बहुधा धान्याच्या कोठीमागे सापडतात. आणि घरात ज्यांनी ते इंजिन चालवले ते काका, मामा, आजोबा असतील, तर त्यांना त्याच्यापाशी घेऊन जा. ते कसे सुरू व्हायचे, कुठे अडायचे, थंडीत काय करावे लागायचे, हे पुस्तिकेत नसते. आम्हाला मिळालेली निम्मी माहिती अशाच गप्पांतून मिळाली. जे सांगणारे आता नाहीत, त्यांची इंजिने आम्हाला दुप्पट वेळ लावून उघडावी लागली.

तरीही द्यायचेच ठरले, तर भंगारवाल्याच्या आधी मंडळाला कळवा. आम्ही गाडी घेऊन येऊ.