खेळाडूचा मध्यान्ह केव्हां?

आपल्या घरांतून खेळाविषयीं दोन वाक्यें नेहमीं कानीं पडतात. दहा वर्षांचा मुलगा चेंडूमागें धांवूं लागला कीं, “अजून लहान आहे, खेळूं द्या”, आणि तोच विशीपुढें गेला कीं, “आतां घोडा झाला, खेळ पुरे.” खेळाडूचें सामर्थ्य केव्हां परिपूर्ण होतें व केव्हां ओसरूं लागतें, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाहीं. वास्तविक ज्या घरांत खेळणारा मुलगा किंवा मुलगी आहे, तेथील वडीलधाऱ्यांनीं हा प्रश्न वेळींच समजून घेतला पाहिजे. कारण शिक्षण, नोकरी व विवाह यांचा क्रम त्यावर अवलंबून असतो.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत मध्यम वयाचे चार भाग सांगितले आहेत. विसाव्या वर्षापर्यंत वृद्धि, तिसाव्यापर्यंत यौवन, चाळिसाव्यापर्यंत धातु, इंद्रियें, बल व वीर्य यांची संपूर्णता, आणि पुढें सत्तरीपर्यंत किंचित् किंचित् हानि. सामान्य मनुष्याच्या बाबतींत हें गणित आजहि पटण्यासारखें आहे. परंतु हॉकीसारख्या खेळांतील आघाडीच्या खेळाडूस चाळिशीपर्यंत थांबण्याची सवड नसते. प्रतिपक्षाच्या गोलावर चाल करणें हें त्याचें काम. त्यास एका क्षणीं वेग घ्यावा लागतो, दुसऱ्या क्षणीं थांबून वळावें लागतें. हा झटक्याचा वेग विशींतच ऐन भरांत असतो. उलट चेंडू कोठें येणार, प्रतिपक्षी कोठें फसणार, ही जाण अनुभवानें वाढत जाते. एक ठेव घटत असते, दुसरी वाढत असते. दोहोंची बेरीज ज्या वयांत सर्वांत मोठी, तोच खेळाडूचा मध्यान्ह.

या बेरजेचा बारकाईनें हिशेब झाला आहे तो कॅनडा व अमेरिका येथील बर्फावरच्या हॉकींत. आपल्या देशांत हा खेळ मुख्यतः लडाखांतील गोठलेल्या तळ्यांवर दिसतो. पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून खेळाडू असे सुसाट धांवतात कीं, आघाडीची फळी एका दमांत मिनिटभरहि टिकत नाहीं. लगेच दुसरी फळी उतरते. अभ्यासकांच्या मतें या खेळांतील आघाडीवाल्याचा मध्यान्ह सत्तावीस-अठ्ठावीसच्या सुमारास येतो, बचाव करणाऱ्याचा वर्षभर उशिरा. पंचविशीपासून तिशीपर्यंत जणूं पठार असतें. पुढें उतार लागतो. वेन ग्रेट्स्की यानें १९८१-८२ च्या मोसमांत, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, ९२ गोल केले. १९९८-९९ च्या अखेरच्या मोसमांत, अडतिसाव्या वर्षीं, अवघे ९.

तथापि येथें एक फसगत होते. गॉर्डी हौ हा खेळाडू १९७९-८० मध्यें एक्कावन्न-बावन्न वर्षांचा असतांनाहि त्या श्रेष्ठ स्पर्धेंत खेळत होता. असे वीर पाहून वयाचें कांहीं चालत नाहीं असें वाटूं लागतें. पण मॅट्रिकच्या वर्गाची सरासरी पांचवीपेक्षां चांगली दिसली, तर सर्व मुलें हुशार झालीं असें नव्हे. कच्चीं मुलें वाटेंतच गळालेलीं असतात. म्हाताऱ्या खेळाडूंचेंहि तसेंच. जे उतरले ते मैदानावरून गेले. उरले ते अपवाद.

मैदानी हॉकींतील पुरावा आपल्याच प्रांतांत आहे. पुण्याजवळील खडकी येथें १६ जुलै १९६८ रोजीं जन्मलेले धनराज पिल्ले मोडक्या स्टिकांनीं खेळून तयार झाले आणि १९८९ मध्यें भारताच्या संघांत आले. डिसेंबर १९९८ मध्यें, वयाच्या तिसाव्या वर्षीं, त्यांच्या नेतृत्वाखालीं भारतानें बँकॉक येथें बत्तीस वर्षांनंतर एशियाई सुवर्णपदक मिळविलें. त्या विजयानंतर लगेच विश्रांतीच्या नांवाखालीं त्यांस व इतर कांहीं ज्येष्ठ खेळाडूंस वगळण्यांत आलें! पुढें ते परतले. २००३ मध्यें, पस्तिसाव्या वर्षीं, कर्णधार म्हणून त्यांनीं आशिया चषक जिंकला. परंतु २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्यें, छत्तिसाव्या वर्षीं, त्यांच्या वाट्यास मैदानावरील वेळ थोडाच आला. ध्यानचंदांनींहि बर्लिनचें १९३६ चें सुवर्णपदक एकतिशीस पोंचण्यापूर्वीं कांहीं दिवस मिळविलें होतें.

क्रिकेटच्या फलंदाजाची गोष्ट निराळी. तेथें पायांच्या वेगापेक्षां दृष्टि व संयम यांस अधिक मोल. आमच्या सोलापुरांत जन्मलेले पॉली उम्रीगर यांनीं १९६२ मध्यें पोर्ट ऑफ स्पेन येथें, नुकतीं छत्तीस वर्षें पुरीं झालीं असतां, ५६ व नाबाद १७२ धांवा काढल्या व एका डावांत पांच गडीहि बाद केले. पुण्यांत संस्कृत शिकविणारे प्रो. दि. ब. देवधर यांनीं तर १९४०-४१ च्या रणजी मोसमांत, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, मुंबईविरुद्ध २४६ धांवा काढल्या. म्हणून वय विचारण्यापूर्वीं खेळ कोणता तें विचारावें.

मग घरच्यांनीं काय करावें? दहाव्या-बाराव्या वर्षींच्या पदकांवरून मुलाचें भविष्य ठरवूं नये आणि त्यास राबवून मोडूं नये. त्याचा मध्यान्ह अजून पंधरा वर्षें दूर आहे. पंचविशींत “आतां पुरे” म्हणणें ही तर ऐन दुपारीं दिवा लावून घरीं बसण्याची तऱ्हा झाली. पण दुपारनंतर संध्याकाळ आहेच. इतरांच्या बढतीस जेथें आरंभ होतो, त्या पस्तिशींत आघाडीच्या खेळाडूस निवृत्ति गांठते. यासाठीं पदवी अर्धवट सोडूं देऊं नये. महाराष्ट्र शासनानें गुणवंत खेळाडूंसाठीं नोकऱ्यांत पांच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. रेल्वेहि खेळाडूंस नोकऱ्या देते. तिकडे वेळींच लक्ष द्यावें. एकत्र कुटुंबांत चार मिळवते हात असतात. त्यांनीं त्या मुलास दहा वर्षें सांभाळून घेतलें, तर पुढें तोहि त्यांस अंतर देणार नाहीं.