व्हिसा तात्पुरता, कर्ज पक्के

भंडारा हा धानाचा जिल्हा. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या बारा लाख, साक्षरता जवळजवळ 84 टक्के. पण शिकलेल्या पोरापोरींना सामावून घेतील असे उद्योग मोजकेच. जवाहरनगरची आयुध निर्माणी, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी, तुमसरच्या राइस मिल, यापुढे यादी फार लांबत नाही. म्हणून साकोली-लाखनीची मुले नागपूरला, तिथून पुण्याला किंवा हैदराबादला जातात, आणि त्यांतली काही परदेशाचा विचार करू लागतात. आधी शिकायला किंवा कामाला तात्पुरत्या व्हिसावर जायचे, दोन-तीन वर्षे काढायची, मग पीआर (कायमच्या वास्तव्याची परवानगी) मिळतेच, असे घरात धरून चालतात आणि कर्जाचा आकडाही त्यावरच ठरतो. हे धरून चालणे मला धोक्याचे वाटते. तात्पुरता व्हिसा आणि कायमचे वास्तव्य हे दोन वेगळे कायदेशीर व्यवहार आहेत. त्यांना जोडणारा रस्ता प्रत्येक देशात निराळा असतो, काही ठिकाणी तो नसतोच. आणि जिथे असतो तिथेही आपण अर्ध्यावर असताना तो अरुंद करण्याचा अधिकार त्या देशाकडे राहतो. तेव्हा कॉलेजचे ॲडमिशन पाहण्याआधी पीआरचा नियम पाहिला पाहिजे.

अमेरिकेत हे फार स्पष्ट दिसते. विद्यार्थ्याचा एफ-1 व्हिसा मागताना ‘शिकून परत येणार’ हे अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. घरी मात्र सगळे तो तिथेच राहील असे गृहीत धरून बसलेले असतात. शिक्षणानंतर एक वर्ष काम करता येते, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी दोन वर्षे. त्यापुढे लागतो एच-1बी हा कामाचा व्हिसा. 1990 च्या कायद्याने आलेला हा व्हिसा वर्षाला 65,000 जणांना आणि अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या आणखी 20,000 जणांना मिळू शकतो. अर्ज त्याहून खूप जास्त येतात, त्यामुळे नंबर लागेलच असे नाही. सप्टेंबर 2025 मध्ये तर बाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले गेले. एच-1बीवर असताना ग्रीन कार्डची, म्हणजे तिथल्या पीआरची, इच्छा धरायला कायद्याची हरकत नाही, पण नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण 1,40,000 ग्रीन कार्डेच निघतात आणि एका देशात जन्मलेल्यांना त्यांतली सात टक्के, म्हणजे 9,800 च्या आसपास. बायको-मुलांचे आकडेही यातच मोजले जातात. इतर देशांकडून उरलेली थोडी मिळतात, तरी भारतीयांची रांग दहा वर्षांच्या पुढे गेली आहे. धानाचे पऱ्हे टाकले, पण रोवणीला बांधीत पाणीच आले नाही, तर पऱ्हे वाफ्यातच वाढून जातात. या रांगेतल्या कुटुंबांचे तसे होते. मूल 21 वर्षांचे झाले की आईबापांच्या अर्जातून सहसा बाहेर पडते, मग ते तिथल्याच शाळेत पहिलीपासून शिकलेले असो.

कॅनडाचा रस्ता याहून सोपा होता, हे खरेच. शिक्षणानंतर तीन वर्षांपर्यंत कामाचा परवाना, आणि 2015 पासून गुणांवर चालणारी एक्स्प्रेस एंट्री. पण 1 जानेवारी 2024 पासून विद्यार्थ्याने खर्चासाठी दाखवायची रक्कम 10,000 वरून 20,635 कॅनेडियन डॉलर झाली. त्याच महिन्यात विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली, आणि ऑक्टोबरमध्ये 2025 साठीचे पीआरचे उद्दिष्ट पाच लाखांवरून 3,95,000 वर उतरवले गेले. ती दाखवायची रक्कम म्हणजे तेव्हाचे साधारण साडेबारा लाख रुपये. 2024-25 चा धानाचा 2,300 रुपये हमीभाव धरला तर साडेपाचशे क्विंटल धान झाले, आणि फी यात धरलेलीच नाही. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागतात आणि त्यात शेतजमीन बहुधा चालत नाही. घर नावावर नसले की उरतो तो शेत विकण्याचा किंवा चढ्या व्याजाच्या खासगी कर्जाचा मार्ग. नियम ओटावात बदलतो, हप्ता मात्र मोहाडीत भरावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, हजारो मराठी कुटुंबे याच वाटेने जाऊन स्थिरावली. स्थिरावली, यात शंका नाही. पण त्यांतली बरीच रांग छोटी असताना गेली. त्यांचे यश त्या वेळच्या नियमांचेही होते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: पीआर नाही मिळाली तरी डॉलरमधली कमाई आणि अनुभव वाया जात नाही. हे मला मान्य आहे, फक्त मग हिशेबही तसाच मांडावा. तीन वर्षांनी परतावे लागले तर भारतातल्या पगारातून कर्ज फिटेल का? फिटत असेल तर खुशाल जावे. आखातात जाणारा कामगार हा हिशेब कधीच चुकत नाही, कारण तिथे आपल्याला कायमचे राहू देणार नाहीत हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते. तो घर गावातच बांधतो.

जर्मनीचा विचार आपल्याकडे उशिरा सुरू झाला, आणि तो भंडाऱ्यातल्या आयटीआय व नर्सिंगच्या मुलांना अधिक जवळचा आहे. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तिथे मान्यताप्राप्त कुशल कामगाराला तीन वर्षांनंतर कायमच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, जर्मनीतच शिक्षण किंवा प्रशिक्षण पूर्ण केले असेल तर दोन वर्षांनी. त्यासाठी जर्मन भाषेची बी-1 पातळी आणि निवृत्तिवेतन निधीत भरलेले हप्ते लागतात. तिथलाही कायदा बदलू शकतो. तरी अटी लेखी आहेत आणि भाषेची मेहनत गावात राहून, जमीन न विकता सुरू करता येते, म्हणून मला हा रस्ता जास्त प्रामाणिक वाटतो.

माहिती देणारा कोण, हा प्रश्न राहतोच. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि त्याने घ्यायच्या शुल्कालाही मर्यादा आहे. विद्यार्थ्यांना बाहेर पाठवणाऱ्या सल्लागाराला मात्र ही अट लागू नाही. ॲडमिशन झाले की त्याचे काम संपते. संसदेने ही नोंदणी त्यांनाही लावली पाहिजे. तोवर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आणि राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे अर्ज हाताळणाऱ्या समाजकल्याण विभागाने त्या-त्या देशाचे कामाच्या परवान्याचे व पीआरचे चालू नियम दरवर्षी मराठीत छापून, कर्जाच्या कागदांवर बापाची सही होण्याआधी त्याच्या हातात द्यावेत.