डिस्क रिकामी, तरी फाइल जाईना!

आज डॉसच्या काळातली एक गंमत सांगतो. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर २२४ छोट्या फाइल्स टाका. बरीच जागा शिल्लक असूनही २२५वी जात नाही. का? मुख्य डिरेक्टरीला १४ सेक्टर ठरलेले, प्रत्येकी ५१२ बाइटचे. एका फाइलची नोंद ३२ बाइटची. करा हिशोब! विंडोज ९५ची लांब नावं तर जास्तीच्या नोंदी खातात. म्हणून प्रोग्रॅम लिहिताना नुसती मोकळी जागा बघून भागत नाही, फाइल खरंच तयार झाली का तेही तपासावं लागतं. उपाय सोपा: सबडिरेक्टरी करा, ती गरजेप्रमाणे वाढते.

आणि फॅट३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीचा व्हिडिओ का जात नाही? त्याच नोंदीत फाइलचा आकार लिहायला फक्त ४ बाइट आहेत, म्हणून!