टॅब दाबल्यावर फोकस जातो कुठे?

केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत जानेवारी 2016 मध्ये जी पहिली 20 शहरं निवडली गेली, त्यांत सोलापूर होतं. आज घरपट्टी, दाखले, परीक्षेचे अर्ज, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड अशी कितीतरी कामं पडद्यावरच सुरू होतात. ज्याला माऊस धरता येत नाही किंवा माऊसचा बाण दिसत नाही, त्याला ती कीबोर्डनं करावी लागतात. टॅबनं पुढं, शिफ्ट-टॅबनं मागं जायचं आणि एंटर किंवा स्पेसनं बटण दाबायचं. या क्षणी पानावर आपण जिथं आहोत ती जागा म्हणजे फोकस. सॉफ्टवेअर करणारे आणि करून घेणारे या फोकसबद्दल जे समज बाळगतात, त्यांची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते.

गैरसमज: कीबोर्डची सोय फक्त अंध व्यक्तींसाठी असते.
कंपवात असलेला माणूस छोट्या चौकटीवर बाण स्थिर ठेवू शकत नाही. एकच हात चालणारा, बोटं गमावलेला, मानेखाली हालचाल नसलेला, यांना दृष्टी असते, पण माऊस चालवता येत नाही. डोक्यानं किंवा फुंकरीनं दाबायची स्विचसारखी साधनंही बहुतेकदा फोकसच एका घटकावरून दुसऱ्यावर सरकवतात. मोबाइलवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, चालू करून बोट उजवीकडं सरकवलं की पुढचा घटक वाचला जातो, तिथंही फोकसच पुढं गेलेला असतो.

गैरसमज: फोकसभोवतीची चौकट डिझाइन बिघडवते, ती काढलेली बरी.
सगळ्यात जास्त नुकसान या एका समजानं केलंय, असं मला वाटतं. ब्राउझर ही चौकट फुकट देतो. डिझाइन करणारा स्टाइलशीटमध्ये 'आउटलाइन: नन' लिहून ती पुसतो. डोळ्यांनी बघून कीबोर्ड वापरणाऱ्याला मग आपण कुठं आहोत तेच कळत नाही. पाट्या काढून टाकलेल्या सोलापूरच्या सात रस्त्याच्या चौकात नवख्या माणसाला सोडून द्यावं, तशी त्याची अवस्था होते. फोकस दिसलाच पाहिजे, ही अट डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत 2008 पासून आहे. ऑक्टोबर 2023 च्या 2.2 आवृत्तीत आणखी एक भर पडली: पानाच्या माथ्यावर चिकटून राहणाऱ्या पट्टीखाली फोकस पूर्ण झाकला जाता कामा नये. चौकट माऊसवाल्यांना खुपत असेल, तर 'फोकस-व्हिजिबल' हा नियम वापरून ती मुख्यतः कीबोर्ड वापरणाऱ्यांनाच दाखवता येते. मार्च 2022 पासून सफारीसह सगळे प्रमुख ब्राउझर तो ओळखतात.

गैरसमज: माऊसनं चाललं म्हणजे फॉर्म चालतो.
जिल्हा निवडायची यादी घ्या. महाराष्ट्राचे 36 जिल्हे वर्णानुक्रमानं लावले तर अकोला पहिला येतो आणि सोलापूर शेवटून दुसरा, हिंगोलीच्या आधी. माऊसवाला यादी उघडतो, खाली सरकतो, सोलापूरवर क्लिक करतो. कीबोर्डवाला यादीवर येऊन खाली जाणारा बाण दाबतो. विंडोजवर यादी न उघडता बाण दाबला, की अनेकदा पहिलाच जिल्हा निवडला जातो. निवड बदलताच तालुके आणण्यासाठी पान पुन्हा लोड होईल असं कुणी लिहून ठेवलं असेल, तर अकोल्याचे तालुके येतात आणि फोकस थेट पानाच्या माथ्यावर फेकला जातो. मग पुन्हा टॅब, टॅब, टॅब. आल्ट धरून खाली जाणारा बाण दाबला की यादी आधी उघडते, ही युक्ती ज्याला माहीत आहे तो सुटतो. मोहोळ किंवा करमाळा निवडण्यासाठी अशी युक्ती माहीत असावी लागणं हा फॉर्म करणाऱ्याचा दोष आहे. निवड बदलल्यावर पान न हलवता फक्त तालुक्यांची यादी भरावी, एवढंच त्याला करायचं असतं.

बटणांचीही तीच गत. खऱ्या बटणाऐवजी साध्या 'डिव्ह'ला रंग देऊन त्याला क्लिक जोडलं, की दिसतं बटण, पण टॅब त्याच्यावर थांबत नाही आणि स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणत नाही. एचटीएमएलमधलं मूळ बटण वापरलं तर दोन्ही गोष्टी आपोआप मिळतात. सूचनेची खिडकी उघडली तर फोकस तिच्यात जायला हवा, एस्केपनं ती बंद व्हावी आणि फोकस मूळ बटणावर परतावा.

गैरसमज: एखादं विजेट बसवलं की साइट सुगम होते.
कोपऱ्यातलं चिन्ह दाबून अक्षरं मोठी करता येतील; पण फॉर्मची मूळ रचना मोडकी असेल तर वरून बसवलेलं विजेट ती दुरुस्त करू शकत नाही. अशा विजेटबद्दल दिशाभूल करणारे दावे केल्याच्या प्रकरणात अॅक्सेसिबी या कंपनीला 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडं 10 लाख डॉलर भरावे लागले.

गैरसमज: मराठी वाचणारे स्क्रीन रीडर नाहीत.
आहेत. एनव्हीडीए हा मोफत आहे आणि त्याच्यासोबत येणारा ईस्पीक आवाज मराठी वाचतो. पानाची भाषा कोडमध्ये मराठी अशी नोंदवलेली नसेल, तर मात्र योग्य आवाज निवडला जाईल याची खात्री राहत नाही.

गैरसमज: कायदा फक्त सरकारी साइटना लागू आहे.
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 46 सेवा देणाऱ्या सरकारी आणि खासगी अशा दोघांवरही सुगमतेचे नियम बंधनकारक करतं. मे 2023 मध्ये या नियमांत आयएस 17802 हे भारतीय मानक आलं. 30 एप्रिल 2025 रोजी ई-केवायसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. दिव्यांग अधिनियमाच्या उल्लंघनाला पहिल्यांदा 10 हजारांपर्यंत, पुढं 50 हजार ते 5 लाखांपर्यंत दंड आहे.

सोलापुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडून पुण्याच्या आयटी कंपन्यांत जाणाऱ्या मुलामुलींनी आपला पहिला फॉर्म माऊस बाजूला ठेवून एकदा शेवटपर्यंत भरून पाहावा. आणि ज्यांचा अर्ज अडला आहे त्यांनी संबंधित कार्यालयाकडं, नाहीच ऐकलं तर पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडं लेखी तक्रार करावी. 'साइट चालत नाही' एवढंच न लिहिता कोणतं पान, कोणता ब्राउझर, कोणता स्क्रीन रीडर, कोणती कळ दाबल्यावर फोकस कुठं गेला, हे लिहावं. एवढी माहिती हातात आली की दुरुस्त करणाऱ्याला दोष शोधत बसावं लागत नाही.