माणसांविना शहर



सिंदेवाहीचे चित्र काढा, असे सांगितले तर तुम्ही कौलारू घरे, रस्ता, झाडे आणि माणसे काढाल. पण एखाद्याने नुसते चौकोन आणि त्रिकोण काढले, माणूस एकही दाखवला नाही, तर ते शहराचे चित्र होईल का?

सय्यद हैदर रझा यांनी असे चित्र काढले आहे. त्यांचा जन्म १९२२ साली मंडला जिल्ह्यातील बाबरिया गावी झाला. वडील वनखात्यात होते. त्यामुळे त्यांचे बालपण तुमच्यासारखेच जंगलाजवळ गेले. पुढे ते नागपूरला आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले.

मुंबईत त्यांनी रस्त्यांची जलरंगातील चित्रे काढली. पातळ जलरंगातून खालचा पांढरा कागद दिसतो आणि ओले रंग एकमेकांत मिसळतात. पावसातला रस्ता दाखवायला हे रंग फार चांगले.

१९४८ साली काश्मीरमध्ये त्यांना कार्तिए-ब्रेसाँ हे फ्रेंच छायाचित्रकार भेटले. चित्राला घरासारखी पक्की बांधणी हवी, त्यासाठी सेझानची चित्रे पाहा, असे त्यांनी सुचवले. सेझानपासूनच पिकासो आणि ब्राक यांनी प्रेरणा घेतली होती. वस्तूचे सोपे भौमितिक आकार करून मांडण्याच्या त्यांच्या पद्धतीला घनवाद म्हणतात.

१९५० साली रझा पॅरिसला गेले. १९५१ मध्ये त्यांनी 'ओ द कान्य' हे चित्र काढले. ते फ्रान्समधील टेकडीवरच्या जुन्या गावाचे आहे. येथे त्यांनी दाट, अपारदर्शक जलरंग वापरला. तुमच्या पोस्टर रंगासारखा हा रंग कागद झाकून टाकतो. म्हणून प्रत्येक भिंतीची कड स्वच्छ उठून दिसते. घरे एकमेकांना चिकटून उभी आहेत, पण माणूस कोठेच नाही. त्या काळातील त्यांच्या चित्रांत सूर्यसुद्धा काळा दिसतो. पाहताना मन उदास होते.

१९४७-४८ मध्ये रझांचे आईवडील वारले. भावंडे पाकिस्तानात गेली. रझा मात्र भारताचेच नागरिक राहिले. हे कळल्यावर ती रिकामी घरे आपल्याशी अधिक बोलू लागतात. २०१६ साली रझा वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले.

तर मित्रांनो, आपल्या मोहल्ल्याचे चित्र दोनदा काढा. एकदा पातळ रंगाने, एकदा दाट रंगाने. घरे तीच ठेवा. मग दोन्ही चित्रे पाहून मनात काय येते, ते मराठीत लिहा.