परवाना चेरीचा, माल करवंदाचा

हिंगोली जिल्ह्यात चेरीची बाग नाही आणि हवामान आजच्यासारखंच राहिलं तर होणारही नाही. म्हणून चेरीवाचून इथलं काही अडलंय, असंही नाही. वाढदिवसाचा केक वसमतच्या बेकरीतला असो की सेनगावच्या, वर चेरी असतेच. दसऱ्याला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर प्रदर्शन भरतं, तिथल्या फालुद्याच्या ग्लासात ती दिसते. लग्नाच्या जेवणानंतर मिळणाऱ्या मसाला पानाला टोचलेल्या काडीवरही तीच. बारा महिने तेरा काळ, एकाच रंगाची आणि एकाच चवीची.

काश्मीरमधला चेरीचा हंगाम मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत उरकतो. झाडावरून उतरवलेलं हे फळ साध्या हवेत चार दिवस धड टिकत नाही. मग कळमनुरीच्या पानठेल्यावर ऐन जानेवारीत चेरी येते कुठून, या प्रश्नाने मला बरीच वर्षं पछाडलं होतं. उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानातून चेरीचं पाकीट घ्या आणि उलटं करा. पुढच्या बाजूला ठसठशीत अक्षरात चेरी, शेजारी देठासकट लालबुंद फळांच्या जोडीचं चित्र. मागे, भिंग लावून वाचावं लागेल अशा टायपात, घटक पदार्थ: साखर, करोंदा, आम्लता नियंत्रक ३३०, टिकवण्यासाठीची रसायनं, रंग १२७. करोंदा म्हणजे आपलं करवंद. चेरी त्या पाकिटात फक्त चित्रापुरती.

अशा व्यवहारात हिंगोलीचं नाव जुनं आहे. मेडोज टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ साली आली. तिच्या प्रस्तावनेत हिंगोली छावणीतला हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी भेटतो. जवळपासच्या एका गावचा कापडवाला मुंबईहून माल घेऊन निघाल्याचं त्याला कळलं. त्याने छावणीतल्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून मुंबईहून कापड आणण्याचा परवाना रीतसर घेतला, वाटेत त्या व्यापाऱ्याला माणसांसकट संपवलं आणि परवाना दाखवून तो माल छावणीतच उघड उघड विकला. पकडला गेल्यावर स्वतःच सांगितलं नसतं, तर कुणाला पत्ताही लागला नसता. करवंदाच्या गोष्टीत खून नाही, हे खरं. पण कागद एकाच्या नावाचा आणि माल दुसऱ्याचा ही रीत तीच, आणि गिऱ्हाईकही तसंच बेसावध.

आधी चेरीचं झाड इथे का नको म्हणतं ते पाहू. गोड चेरीचा डोळा हिवाळ्यात झोपतो आणि थंडीचा ठरावीक कोटा भरल्याशिवाय नीट उठत नाही. तापमान साधारण सात अंशांच्या खाली राहिलं तेवढेच तास हिशेबात धरतात. बहुतेक जातींना असे ८०० ते १२०० तास लागतात. आपल्याकडे पौषात काही रात्री बोचरा गारठा पडतो, पण सकाळी दहाला स्वेटर उतरतो. कॅलिफोर्नियात कमी थंडीवर भागणाऱ्या जाती निघाल्या आहेत, त्यांनाही काहीशे तास हवेतच. शिवाय चेरीच्या मुळांना साचलेलं पाणी चालत नाही, आणि आपली काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून बसते. एवढ्यातून झाड जगलंच, तर मे महिन्यातलं चाळीसच्या वरचं ऊन आहेच.

दुसरी अडचण पिकण्याची. वसमत, कळमनुरीकडचा केळीवाला घड हिरवा काढतो, इथिलीनच्या खोलीत ठेवतो आणि चार-पाच दिवसांत पिवळा करतो. आंबा आढीत घालता येतो. चेरीला हे जमत नाही. तोडली त्या क्षणी तिची गोडी थांबते, पुढे ती फक्त मऊ पडते आणि नासते. म्हणून ती झाडावरच पूर्ण पिकावी लागते, आणि त्याच दिवसांत पाऊस आला तर साल तडकते. देशातली पंचाण्णव टक्क्यांहून अधिक चेरी एकट्या जम्मू-काश्मीरमधून येते. २०२१ साली तिथली मिश्री जातीची चेरी विमानाने दुबईला गेली. २०२५च्या जूनमध्ये ती रेल्वेच्या पार्सल डब्यातून कटऱ्याहून मुंबईला, वांद्र्याला उतरली. पुढे मराठवाड्यापर्यंत जे थोडे खोके येतात, ते खाणाऱ्याने भाव न विचारता खावेत.

इथेच शेतकऱ्यांना एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. रोपवाटिकेत चेरी म्हणून जे मिळतं ते बहुधा वेगळंच झाड असतं. एक बार्बाडोस चेरी, तिचं दुसरं नाव असेरोला. फळ लाल, आंबट, क जीवनसत्त्वाने भरलेलं. दुसरी सिंगापूर चेरी, शहरातल्या रस्त्याकडेला सावलीसाठी लावतात ती. बारक्या गोड फळांवर पाखरं आणि वटवाघळं तुटून पडतात. दोन्ही आपल्या उन्हात मजेत वाढतात, दोन्ही लावण्यासारख्या आहेत. पण चेरीच्या कुळाशी दोघींचाही काडीचा संबंध नाही. एकरी उत्पन्नाचं गणित कुणी मांडून दाखवलं, तर आधी रोपाचं शास्त्रीय नाव विचारा.

आता करवंदाकडे. हे झुडूप कण्हेर आणि तगरीच्या कुळातलं, म्हणून कुठेही खरचटलं की पांढरा चीक. काटे जोडीने येतात आणि काढणाऱ्याची परीक्षा पाहतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी पांढरी सुवासिक फुलं, मग हिरवी फळं, त्यांचं लोणचं. वैशाख-ज्येष्ठात फळ लाल होत होत काळं पडतं. पळसाच्या द्रोणात घेऊन खाताना आपण ते दातांनी अर्धं तोडतो आणि आत पाहतो: लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. मृगाचा पाऊस पडला की चव जाते, खेळही संपतो.

पाकिटातल्या करवंदाच्या नशिबी हा काळेपणा येतच नाही. ते टणक, हिरवट-पांढरं, एका अंगाला जेमतेम गुलाबी झाक असलेलं असतानाच तोडतात. पिकलेलं फळ पाकात फुटतं, म्हणून कच्चंच हवं. मग ते मिठाच्या आणि गंधकाच्या क्षारांच्या पाण्यात मुरवतात. त्याने चीक जातो, तुरटपणा जातो आणि होता तेवढा रंगही जातो. कॅल्शियमच्या क्षाराने गर घट्ट राहतो. कोहळ्याचा पेठा चुन्याच्या निवळीत ठेवतात, त्यातलंच हे शास्त्र. नंतर चीर देऊन बिया काढायच्या, धुऊन धुऊन खारटपणा घालवायचा, रंगाच्या पाण्यात उकळायचं आणि पाकात टाकायचं. पाक पहिल्या दिवशी पातळ, मग रोज थोडा दाट, असा सावकाश चढवत न्यावा लागतो. एकदम दाट पाकात टाकलं तर आतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि फळ सुरकुतून खडा होतं.

खात्री करायची तर केकवरची एक चेरी काढून आडवी कापा. खऱ्या चेरीत एकच गोल आठळी असते, त्यामुळे मधोमध एकच पोकळी दिसते. करवंदात कप्पे दोन आणि बिया अनेक, चपट्या, बारीक. बिया काढताना एखादी मागे राहिलेली असते, ती चमच्याच्या टोकाने निघते. आणि आतून सगळी लाल. या कारखान्यात कोंबडी जन्मालाच येत नाही.

इथवर वाचून अस्सल विलायती चेरी तरी खरी असेल, असं वाटलं असेल तर थांबा. या शोधात मला सगळ्यात मोठं घबाड तिथेच लागलं. युरोपात एड्रियाटिक समुद्राकाठी, झादर शहराच्या परिसरात मरास्का नावाची काळसर आंबट चेरी होते. तिच्या मॅराश्किनो मद्यात मुरवलेली चेरी श्रीमंतांच्या पेल्यात जायची. अमेरिकेत तिची मागणी वाढली आणि नकलाही आल्या: दुसऱ्याच चेऱ्या, रंगवलेल्या. भांडण इतकं वाढलं की १९१२ साली अमेरिकी कृषी खात्याने निवाडा दिला. मरास्का चेरी मॅराश्किनोत मुरवलेली असेल तरच ते नाव लावा, बाकीच्यांनी ‘नकली’ असं लिहा.

पुढे मैदानात उतरले अर्नेस्ट वीगँड, ओरेगनच्या कृषी महाविद्यालयातले प्राध्यापक. तिथल्या बागायतदारांकडे रॉयल अ‍ॅन नावाची फिकट पिवळी चेरी उदंड पिकायची, पण खारवली की लगदा व्हायची. वीगँडनी १९२०च्या दशकात खारवणाच्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार घालून पाहिले आणि फळ ताठ राहिलं. मद्याची गरजच उरली नाही. रीत अशी बसली: गंधकाच्या पाण्यात चेरीचा मूळ रंग पूर्ण घालवायचा, आठळी काढायची, लाल रंग चढवायचा, पाकात घालायची. १९४० येईपर्यंत सरकारनेही नमतं घेतलं आणि हीच रंगवलेली चेरी मॅराश्किनो या नावाने राजरोस विकायला मोकळीक मिळाली. ओरेगनच्या विद्यापीठात आज वीगँड यांच्या नावाची इमारत उभी आहे.

म्हणजे ओरेगनची चेरी आणि आपलं करवंद एकाच हौदात उतरतात. दोघांचाही रंग आधी काढून घेतात, दोघांच्याही बिया काढतात आणि दोघांना वरून लाल रंग चढवतात. बाहेर येईपर्यंत कोण कुठलं हे जिभेला सांगता येत नाही, कारण जिभेला कळण्यासारखं दोघांतही काही उरलेलं नसतं. करवंदाला मी नकली चेरी म्हणणार नाही. बाटलीतली चेरीच आधी नकली झाली, करवंद नंतर तिच्या रांगेत उभं राहिलं.

तो १२७ क्रमांकाचा लाल रंग म्हणजे एरिथ्रोसिन. भारतात खाण्यात चालणाऱ्या आठ कृत्रिम रंगांपैकी एक. चेरीवाल्यांना तो प्रिय असण्याचं कारण गमतीचं आहे. आंबट द्रावणात तो विरघळत नाही. फळात रंग भिनला की सायट्रिक आम्ल घालायचं, म्हणजे रंग आतच बसतो. म्हणून व्हॅनिला आईस्क्रीमवर चेरी ठेवली तरी भोवती गुलाबी ओघळ येत नाहीत. या रंगाच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. त्याचे मोठे डोस दिलेल्या नर उंदरांना थायरॉइडच्या गाठी झाल्या, तेव्हा अमेरिकेने १९९० साली सौंदर्यप्रसाधनांत तो बंद केला. खाण्यात मात्र चालू ठेवला. त्यावरची बंदी थेट जानेवारी २०२५मध्ये आली, तीही उत्पादकांना २०२७ पर्यंत मुदत देऊन. उंदरांत जे घडतं ते माणसात त्या मार्गाने घडत नाही, असं बंदी घालणाऱ्यांनीच सांगितलं. पण प्राण्यांत कर्करोग दिसला की रंग बंद, असा तिथला कायदा आहे. युरोपची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे हा रंग खाण्यात फक्त एकाच कामाला चालतो: कॉकटेलच्या, पाकवलेल्या आणि पाकातल्या चेऱ्यांना. चेरीला चेरीसारखं दाखवण्यासाठी.

वर्षातून चार केक खाणाऱ्याने या रंगाची धास्ती घ्यावी, असं मला वाटत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. पिकलेल्या चेरीचा लाल आणि पिकलेल्या करवंदाचा जांभळट काळा, हे दोन्ही अँथोसायनिन या एकाच गटातल्या रंगद्रव्यांचे. करवंदाला तीन-चार आठवडे झाडावर राहू दिलं असतं, तर तो रंग त्याला फुकट मिळाला असता, वर आंबटगोड चवही. आपण ते कच्चं तोडतो, धुऊन पांढरं करतो आणि मग बाजारातून लाल रंग विकत आणतो. हे कुठे चाललंय? ज्या वसमतच्या हळदीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ज्या जिल्ह्याचा बाजार रंग देणाऱ्या मुळावरच उभा आहे, तिथल्या केकांवर.

टणक, गोल, न फुटणारी लाल गोळी हवी असेल तर पिकलेलं करवंद ते काम करणार नाही, हे कबूल. पण पिकलेल्या करवंदात पेक्टिन भरपूर असतं, त्याची जेली सुरेख बसते, सरबत होतं, केकच्या दोन थरांत लावायला जाम होतो. बांधावर दाट लावलं तर काट्यांचं कुंपण होतं, आणि रोही-रानडुकरांनी जेरीला आलेल्या शेतकऱ्याला तेही थोडं नाही. पाणी बेताचं लागतं, मुरमाड जमीन चालते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ ही करवंदाची मोठ्या फळाची जात काढली. आपल्या कोरड्या हवेसाठी असं काम परभणीच्या विद्यापीठाने अंगावर घ्यावं, असं हे फळ आहे.

तोवर दोन गोष्टी ताबडतोब करता येतील. बेकरीवाल्यांनी आणि पाकीट भरणाऱ्यांनी मागच्या बाजूचं करवंद पुढच्या बाजूला आणावं, चेरीच्या नावाइतक्याच अक्षरात. आणि वाचकांनी खरी चेरी खायचीच तर जूनमध्ये, काश्मीरची खावी. बाकी उन्हाळाभर डोंगराकडून येणारं करवंद, काळं झालेलं, त्याच्याच नावाने मागून घ्यावं.