महाराष्ट्रातील रस्त्यांच्या देखभालीची जबाबदारी

महाराष्ट्रातील रस्त्यांच्या देखभालीची जबाबदारी रस्त्याची मालकी आणि शासकीय वर्गवारी यांवर ठरते. वाहतुकीच्या प्रमाणावर नाही. एकाच प्रवासात वाहनचालक अनेक यंत्रणांच्या हद्दी ओलांडतो आणि खड्डा नेमका कोणाचा, हा प्रश्न बहुधा अपघातानंतरच उपस्थित होतो.

सार्वजनिक रस्ते

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ अन्वये राष्ट्रीय महामार्ग सुस्थितीत राखणे हे केंद्र सरकारचे कर्तव्य आहे. राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर शहरांतील बहुतेक रस्ते महानगरपालिका वा नगरपरिषदेकडे असतात. मात्र ही विभागणी कायम राहतेच असे नाही. मुंबईतील पूर्व व पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून महानगरपालिकेकडे हस्तांतरित झाले. तोपर्यंत शहराच्या मुख्य मार्गांवरील खड्ड्यांसाठी महानगरपालिकेला दोष दिला जाई, जबाबदारी मात्र दुसऱ्या संस्थेची असे.

नव्या रस्त्यावर दोषदायित्व कालावधीत उद्भवलेले दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करावयाचे असतात. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत पाच वर्षांची नियमित देखभाल मूळ करारातच समाविष्ट असते.

सुस्थितीतील रस्ता हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्डे वा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, तर जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले.

खासगी रस्ते

गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील रस्ता संस्थेनेच राखावयाचा असतो. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार खासगी रस्त्याचे सपाटीकरण, फरसबंदी व सांडपाण्याची सोय करण्याची नोटीस आयुक्त लगतच्या मालकांना देऊ शकतात; ही कामे समाधानकारक झाल्यावर रस्ता सार्वजनिक घोषित करता येतो. अडचण होते ती विकासकाने सोडून दिलेल्या अभिन्यासांत. तेथील रहिवासी मालमत्ता कर भरतात, परंतु रस्ता हस्तांतरित झालेला नसल्याने त्यावर महानगरपालिकेचा निधी सहसा खर्च होत नाही.

शेतरस्त्यांची स्थिती निराळी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये तहसीलदार शेताच्या बांधावरून वाट देऊ शकतो आणि मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली वहिवाटीच्या वाटेतील अडथळा दूर करू शकतो. या तरतुदींनी जाण्यायेण्याचा हक्क मिळतो. पावसाळ्यापूर्वी मुरूम कोणी टाकावा, हे बहुधा वाटेवरचे शेतकरीच आपसांत ठरवतात.